‘वास्तव’ परत बघितला: ‘उर्फ’च्या अलीकडचं नाव

मधला_डबा
काल रात्री झोप येत नव्हती म्हणून सहज महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ लावला, पंधरा मिनिटं बघू आणि बंद करू म्हटलं, ते पावणेतीनला उठलो पाणी प्यायला. पिक्चर आला तेव्हा म्हणजे ऑक्टोबर १९९९ला मी अकरावीत होतो. आमच्यासाठी तेव्हा तो पिक्चर म्हणजे संजय दत्तची चाल, गळ्यातली साखळी आणि त्याचा जोडीदार देड फुट्या, बस. कॉलेजच्या कट्ट्यावर निम्मी पोरं महिनाभर तसंच बोलत होती, एकाने तर वडिलांशी बोलताना तो टोन लावला आणि कानाखाली खाल्ली.

आता चाळिशी उलटल्यावर बघताना गोळीबार सगळा डोक्यावरून गेला आणि घरातलेच सीन अंगावर आले. स्टोरी माहितीये सगळ्यांना, पंचवीस वर्षं झाली, स्पॉयलर स्पॉयलर करत बोंबलू नका. चाळीतली बेकार पोरं पावभाजीची गाडी टाकतात, गाडीवर एका गिऱ्हाइकाशी राडा होतो, माणूस मरतो, तो निघतो एका टोळीवाल्याचा भाऊ. मग मांडवलीला बोलावून दगा, मग जीव वाचवायला दुसऱ्या टोळीच्या सावलीत, मग मंत्र्याच्या हाताखाली, आणि काम संपल्यावर तोच मंत्री हात वर करतो.

माझ्या डोक्यात आलं ते वेगळंच. पिक्चरमधल्या हिरोचं पूर्ण नाव रघुनाथ नामदेव शिवलकर. आपल्याकडे पोराचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. रेशनकार्ड घ्या, लग्नाची पत्रिका घ्या, बाप मधे बसलेला असतोच. आणि पेपरात ‘उर्फ’ लागतं ते त्याच्या पुढे. म्हणजे टोळीने कितीही मोठं नाव दिलं तरी पोलिसांच्या वहीत बापाचं नाव आधी येणार. शिवाजी साटमनी केलेला तो बाप, नामदेव, पोराशी बोलायचा बंद होतो पण पोराच्या नावातून बाहेर पडू शकत नाही. मला हा पूर्ण पिक्चर ‘उर्फ’च्या अलीकडचं नाव आणि पलीकडचं नाव यांच्या मारामारीचा वाटला. पलीकडचं नाव सगळ्या मुंबईला माहीत, अलीकडचं फक्त घरात. आणि शेवटी आई गोळी घालते ती नक्की कुणाला? रघुभाईला का रघुनाथला?

बोला आता.

बोंबील_फ्राय
पयला!! 

शिवाजी साटम तेव्हा टीव्हीवर एसीपी होते ना राव, सीआयडी ९८ला सुरू झाली. म्हणजे आठवड्यातून एकदा इन्स्पेक्टर दयाला दरवाजे तोडायला लावणार आणि थेटरात स्वतःचा पोरगा भाई. घरातच आरोपी सापडला असता, दया पण लागला नसता.

हिशोबनीस
अवांतर आहे पण राहवत नाही. त्या पन्नास तोळ्यांच्या साखळीचा हिशोब कुणी केलाय का. ९९ साली सोनं दहा ग्रॅमला साधारण चार-साडेचार हजार होतं. आता सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, त्या हिशोबाने पन्नास तोळे म्हणजे अर्धा किलो, म्हणजे दोन-सव्वादोन लाख. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर, तो धरला तर अडीच लाखापर्यंत जाईल. सव्वादोन लाख म्हणजे त्या काळात ठाण्याच्या पुढे कुठेतरी वन रूमचा निम्मा पैसा असेल, आणि हा पठ्ठ्या गळ्यात घालून फिरतोय आणि राहतोय कुठे तर लपून. माझ्या वडलांना गिरणीतून जे हातात आलं ते या साखळीच्या चौथाई पण नव्हतं हो. म्हणून तो सीन लागला की आमच्याकडे कुणी हसत नसे.

मधला_डबा
@हिशोबनीस, अवांतर कसलं, हाच तर सीन! तो साखळी कुणाला दाखवतो? टोळीत कुणाला नाही दाखवत, आईला दाखवतो. वजन सांगतो. शाळेत पहिला नंबर आला की प्रगतिपुस्तक घेऊन पोरगं धावत घरी येतं ना, एक्झॅक्टली तसं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ‘कमावलंय’ आणि सही आईचीच पाहिजे. आता बघताना मला ते हसायला नाय आलं, पोटात कालवलं.

कोळीवाडा_एक्स्प्रेस
वास्तव चांगलाय, पण उगाच डोक्यावर घेऊ नका. त्याच्या आदल्या वर्षी जुलैत ‘सत्या’ आला होता आणि त्याने जे केलं त्याच्यापुढे वास्तव म्हणजे आईबापभाऊ असलेला नेहमीचा मेलोड्रामाच आहे, फक्त मराठी ॲक्सेंटमध्ये. सत्याला आई नाही बाप नाही गाव नाही, कुठून आला ते शेवटपर्यंत सांगत नाहीत, आणि म्हणूनच भिकू म्हात्रे त्याचा भाऊ होतो तेव्हा ते खरं वाटतं. तिथे निष्ठा म्हणजे निष्ठा, तिला रडण्याचा टेकू लागत नाही. आणि दगा पण कसला, भाऊ नावाचा पुढारी निवडणूक जिंकतो, पार्टी चालू आहे, सगळे नाचतायत, आणि त्याच खोलीत भिकूला ठोकतो. म्युझिक नाही काही नाही. वास्तवमध्ये दगा झाला की आधी पाच मिनिटं पार्श्वसंगीत सांगतं की बाबांनो दगा होणारे.

सुमेधा_ताई
कोळीवाडा, सत्या मोठा पिक्चर आहे यात वादच नाही. पण सत्यात पण घर आहेच की. भिकूची बायको प्यारी आठवा, शेफाली शहा. नवरा-बायको एकमेकांना शिव्या घालतात आणि दुसऱ्या मिनिटाला हसतात. भिकू गेल्यावर ती जी बसते ना, मला सगळ्या पिक्चरमध्ये तेवढंच लक्षात आहे. तुम्हाला घर दिसत नाही कारण तुम्ही बंदुका मोजत बसता :)

आता आईबद्दल. रीमा लागू आणि संजय दत्त यांच्यात जेमतेम तेरा महिन्यांचं अंतर आहे, माहितीये का? त्या जून १९५८च्या, तो जुलै १९५९चा. वर्षाने मोठी बाई त्याची आई आणि एका क्षणालाही खोटं वाटत नाही. आणि लगेच पुढच्या महिन्यात, नोव्हेंबर ९९ला ‘हम साथ साथ हैं’ आला, त्यातही आई रीमाताईच आणि मोठा मुलगा मोहनीश बहल. म्हणजे मोहनीश दोन महिन्यांत दोनदा रीमाताईंचा सरळमार्गी मोठा मुलगा! एकीकडे पन्नास माणसं एका टेबलावर जेवतात आणि दुसरीकडे चाळीत चार माणसांना एकमेकांकडे बघायची सोय नाही. आईच्या मैत्रिणी ‘हम साथ साथ’ बघून आल्या होत्या आणि आई वास्तव बघून आली होती, दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

शेवटच्या गोळीबद्दल माझं मत: ती दया आहे. तो तोवर माणूस राहिलेलाच नाही, भास होतायत, कोपऱ्यात अंग चोरून बसतोय, स्वतःच मागतोय सुटका. जन्माला घातलं तिने, सोडवलं पण तिने.

नानू_दादरवाला
ताई, ‘दया’ म्हणून मोकळं होऊ नका. त्या घराने त्याला आधीच सोडलेलं असतं. बाप बोलत नाही, भाऊ तोंड फिरवतो. पोरगा धंद्याला लागला त्या दिवशी कान पिरगाळून पोलिसात नेला असता तर? आई लाड करत राहिली. प्रेम होतं, पण डोळे मिटून केलेलं प्रेम होतं. आणि शेवटी हिशोब मिटवायला पण तीच. मला तर ती गोळी म्हणजे घराने मारलेला शेवटचा दगा वाटतो. टोळीतला देड फुट्या मरेपर्यंत रघूचाच राहतो, एकदाही डगमगत नाही. सांगा आता, निष्ठा कुठे आहे आणि दगा कुठे.

सुमेधा_ताई
कान पिरगाळून पोलिसात. वा. नानू, तुम्हाला मुलं आहेत का हो?

नानू_दादरवाला
दोन आहेत. एक ऐकत नाही आणि दुसरा ऐकून ऐकत नाही. तुमचा मुद्दा पोचला.

एडिसनचा_अण्णा
इकडे न्यू जर्सीत बसून धागा वाचतोय, सकाळचे सहा वाजलेत, चहा गार झाला. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो.

आईने मुलाला गोळी घालायची आपल्या सिनेमातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली? ‘मदर इंडिया’, १९५७. राधा बिरजूला गोळी घालते. राधा कोण, नर्गिस. बिरजू कोण, सुनील दत्त. पुढे दोघांनी लग्न केलं आणि त्यांचा मुलगा संजय. म्हणजे ज्या बाईने पडद्यावर बिरजूला मारलं, तिच्या खऱ्या मुलाला बेचाळीस वर्षांनी पडद्यावरची आई मारते. आणि बिरजूचं काम केलेला माणूस ९९ साली हयात होता, त्याने हा शेवट बघितला असेल तेव्हा काय वाटलं असेल देव जाणे. मी थेटरात होतो, हे लक्षात आलं आणि पुढचं काही नीट दिसलंच नाही.

पण फरक बघा. राधा मारते कारण बिरजू गावातली मुलगी पळवून नेतोय, गावाची अब्रू. म्हणजे न्याय. ‘दीवार’मध्ये १९७५ला आई स्वतः मारत नाही, पोलीस मुलाच्या हातात पिस्तूल देते आणि नंतर देवळात जाऊन दुसऱ्याची वाट बघते. म्हणजे अर्धा न्याय अर्धी माया. वास्तवमध्ये गाव नाही, अब्रू नाही, कायदा तर नाहीच नाही. फक्त पोरगा मागतोय म्हणून देते. लहानपणी पाणी मागितल्यावर देते तसं. ४२ वर्षांत आईच्या हातातली बंदूक कुठून कुठे आली बघा.

मधला_डबा
अण्णा, __/\__. हे मला सुचलंच नव्हतं. आणि दीवारमध्ये तर हातावर बापाबद्दलच गोंदलेलं आहे. म्हणजे तिथेही बाप पुसता येत नाही, अंगावरच लिहिलेला.

बोंबील_फ्राय
+१ अण्णा. चहा परत करा, गारढोण पिऊ नका.

कोळीवाडा_एक्स्प्रेस
मान्य, हे भारी होतं. तरी सत्याच.

गल्ली_नंबर_सात
मी लालबागचा. माझ्या दोन पैशाच्या दोन गोष्टी.

एक म्हणजे वास्तव छोटा राजनवर आहे असं जे तेव्हापासून बोलतात त्याला फार अर्थ नाही. राजन चेंबूरच्या टिळकनगरचा, सुरुवात सहकार थेटरबाहेर तिकिटं ब्लॅक करण्यापासून, पुढे देश सोडून गेला, ९३च्या बॉम्बस्फोटांनंतर दाऊदपासून फुटला, २०१५ला बालीत पकडला. रघू कुठे जातो? कुठेच नाही. तो मुंबई सोडूच शकत नाही, कारण आई मुंबईत आहे. दोघांत सारखं काय तर मराठी घरातला मुलगा, एवढंच.

पण ‘उर्फ’चा मुद्दा मला पटला, आणि त्याच्यात अजून भर घालतो. राजेंद्र सदाशिव निकाळजे उर्फ छोटा राजन. हा ‘छोटा’ कुठून आला, तर त्याच्या आधी बडा राजन होता, तो मेल्यावर नाव वारशाने मिळालं. घरात जमीन मिळते तसं. आणि टोळीतले त्याला म्हणतात नाना. अरुण गुलाब गवळी उर्फ डॅडी. दाऊदची बहीण हसीना पारकर आपा. सत्यात कल्लू मामा. भाई, दादा, मामा, नाना, डॅडी, आपा, एक तरी नाव दाखवा जे नात्यातलं नाही. कंपनी म्हणतात पण साहेब कुणी म्हणत नाही. ज्या पोराचा बाप घरी बोलत नाही त्याला बाहेर डॅडी मिळतो, झालं काम.

आणि मारामारी पण धंद्यापेक्षा नात्यावरून. बघा क्रम. १९८१ला प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊदचा भाऊ साबीर मारला. १९९०ला गवळीचा भाऊ पापा मारला. १९९२च्या जुलैत नागपाड्याला दाऊदचा मेहुणा इब्राहिम पारकर मारला, आणि त्याचा बदला म्हणून सप्टेंबरात जेजे हॉस्पिटलच्या वॉर्डात घुसून एके-४७ चालवल्या. भाऊ, भाऊ, मेहुणा. आपल्याकडे गावाला बांधावरून होते ती भाऊबंदकीच, फक्त कुऱ्हाडीच्या जागी घोडा, म्हणजे पिस्तूल.

कोळीवाडा_एक्स्प्रेस
@गल्ली नंबर सात, मग वास्तवमध्ये पहिला राडा पण मेलेल्या माणसाच्या भावामुळेच वाढतो. हे कधी लक्षात नव्हतं आलं. बरं, पावभाजीची गाडीच का दाखवली असेल? वडापाव का नाही?

गल्ली_नंबर_सात
वडापावला मोठा तवा नाय लागत :) 

जोक जाऊदे. पावभाजी गिरणीच्या रात्रपाळीशी जोडलेली आहे असं आमच्याकडे म्हातारे सांगायचे, रात्री सुटलेल्या कामगाराला पटकन पोटभर. आता गंमत बघा, वास्तवमधली पोरं ती गाडी लावतात तोपर्यंत गिरण्याच नाहीत. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार, आणि तो कधी मागे घेतला असं कुणी म्हणू शकत नाही, विरून गेला. आणि त्याच्या बरोब्बर आठवडाभर आधी, ११ जानेवारीला, वडाळ्याला मन्या सुर्वेचा एन्काउंटर. मनोहर सुर्वे, कीर्ती कॉलेजचा बीए. एकाच आठवड्यात. म्हणजे बीए झालेला पोरगा टोळीत जाऊ शकतो हे दिसलं आणि लगेच बापाची नोकरी गेली. पिक्चरमधला मोठा भाऊ शिकलेला असून बेकार, तो मला म्हणूनच खरा वाटतो. आमच्या मजल्यावर असे सहा होते.

सुमेधा_ताई
यावर ‘लालबाग परळ’ पण बघा ज्यांनी नसेल बघितला त्यांनी, २०१०चा, मांजरेकरांचाच. तो जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावर आहे. पिक्चर अंगावर येतो, जरा जास्तच येतो. पण नाटक... नाटकात सगळं चाळीच्या एका खोलीत. टोळी दिसतच नाही. मुलगा नरू घरात येतो, बाहेर जातो, आणि आई वाट बघते. गोळीचा आवाज लांबून आलेला जास्त लागतो हो. मांजरेकरांनी वास्तवमध्ये बाहेरचं सगळं दाखवलं आणि ‘अधांतर’मध्ये फक्त दार आहे.

हिशोबनीस
वास्तवचा दुसरा भाग पण आला होता ना, ‘हथियार’, २००२. कुणाला आठवतोय का. त्यात रघूचा मुलगा मोठा होऊन तोही भाई होतो आणि तो पण संजय दत्तच. तेव्हा थेटरात पैसे वाया गेले असं वाटलेलं, पण या धाग्यावरची नावाची भानगड वाचून आत्ता डोक्यात ट्यूब पेटली. पहिल्या पिक्चरची सुरुवात काय, तर समुद्रावर श्राद्ध चाललंय आणि लहान नातू आजीला विचारतोय. आजी गोष्ट सांगते, ती म्हणजे अख्खा पिक्चर. त्या नातवाचं नाव रोहित. पूर्ण नाव करा आता. रोहित रघुनाथ शिवलकर.

मधे कोण आलं बघा.

मधला_डबा
हिशोबनीस, तुम्ही मेलात. म्हणजे मी मेलो. धागा इथेच बंद करायला पाहिजे खरं तर.

बोंबील_फ्राय
बंद कसला, अजून नम्रता शिरोडकरबद्दल कुणी बोललंच नाय. ९३ची मिस इंडिया आणि तिला दिलेला रोल बघा, धंद्यातली बाई जी याच्याशी लग्न करून शिवलकर होते. मीनाक्षी शिरोडकरांची नात, ‘ब्रह्मचारी’ १९३८. आजीने स्विमिंग सूट घालून त्या काळात महाराष्ट्र हलवला होता. घराण्याची ओळख म्हणताय ना, हे पण लिहा.

सुमेधा_ताई
बोंबील, पहिल्यांदाच कामाचं बोललात. खरंच तिच्यावर कुणी लिहीत नाही. तिला ‘उर्फ’च्या अलीकडचं नावच नसतं, ते लग्नाने मिळतं. ज्या घराचं नाव नवरा बुडवतोय, तेच नाव तिच्यासाठी वर यायची शिडी आहे. घरात सासू तिला जवळ करते ते मला शेवटच्या गोळीपेक्षा मोठं वाटतं. तो भाग पिक्चर घाईघाईत उरकतो, गाणं टाकतो आणि पुढे पळतो.

कोळीवाडा_एक्स्प्रेस
गाण्यावरून आठवलं, ‘शेंदूर लाल चढायो’ रवींद्र साठेंच्या आवाजात या पिक्चरमधली आहे हे अर्ध्या मंडळांना माहीत नसेल. सकाळी आरतीला लाऊडस्पीकरवर तीच लावतात. गँगस्टरच्या पिक्चरमधली आरती देवघरात गेली. सत्यात पण शेवटी विसर्जनाच्या गर्दीत चौपाटीवर सत्या त्या पुढारी भाऊला संपवतो. गणपतीशिवाय आपल्या भाईलोकांचं पान हलत नाही.

नानू_दादरवाला
मी माझा शब्द थोडा मागे घेतो. दगा म्हटलं होतं ते जास्त झालं. पण दया पण नाही पटत. डब्याने विचारलेलं की गोळी कुणाला घातली. मला आता वाटतं तिने रघुभाईला मारलं, कारण रघुनाथ परत मिळवायचा दुसरा रस्ताच उरला नव्हता. दरवर्षी समुद्रावर श्राद्ध घालता येतं ते रघुनाथचं. भाईचं श्राद्ध कोण घालणार.

गल्ली_नंबर_सात
नानू, हे वाचलं आणि एक लिहावंसं वाटलं. नाव-गाव सांगत नाही, त्या घरची माणसं आहेत अजून.

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक मावशी होत्या. खानावळ चालवायच्या, संपानंतर खानावळ बसली तरी आठ-दहा डबे करायच्या. त्यांचा मधला मुलगा. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा, मला कॅरम त्याने शिकवला, स्ट्रायकर बोटात कसा धरायचा ते. मग तो दिसेनासा झाला. मग रात्रीचा यायचा, गॅलरीत चप्पल न वाजवता. मावशी त्या दिवशी सुरमई करायच्या, वासावरून सगळ्या मजल्याला कळायचं की आलाय, आणि सगळा मजला गप्प. कुणी कधी तोंड उघडलं नाही. ही पण निष्ठाच की, चाळीची.

मी सातवीत असताना तो गेला. फिल्डिंग लावली होती म्हणतात, त्याच्याच बरोबरच्या कुणीतरी टीप दिली. सकाळी पेपर आला. मावशींना वाचता येत नव्हतं. मोठ्या मुलाने पेपर हातातच घेतला नाही, गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा राहिला. मावशींनी मला हाक मारली आणि म्हणाल्या वाच. आतल्या पानावर चौकोन होता, बोटभर. मी वाचायला लागलो आणि नाव आलं. त्याचं नाव, काकांचं नाव, आडनाव, उर्फ आणि पुढे एक घाणेरडं टोपणनाव, त्याच्या पायावरून पाडलेलं. लहानपणी पोलिओ झाला होता त्याला.

मी उर्फपर्यंत आलो आणि थांबलो. पुढचं वाचलं नाही, डायरेक्ट पुढच्या ओळीवर गेलो. मावशी म्हणाल्या, “नाव पूर्ण लिवलंय ना? ह्यांचं नाव हाय ना मधी?” मी म्हटलं हो. त्यांनी पेपर घेतला, चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं ते नेमकं कुठे आहे. मी काकांच्या नावावर बोट ठेवून दाखवलं. त्या बराच वेळ तिथेच बघत होत्या. पिठाचा हात होता, कागदावर पांढरा ठसा उमटला.

वास्तव मी नंतर केबलवर बघितला, मावशींच्याच खोलीत, कारण मजल्यावर कलर टीव्ही त्यांच्याकडे होता. मुलानेच आणून दिलेला. शेवट यायच्या आधी त्या उठून मोरीत भांडी घासायला गेल्या. भांडी सगळी घासलेली होती.

एडिसनचा_अण्णा
...

सुमेधा_ताई
काय लिहू. काहीच नाही लिहीत.

मधला_डबा
गल्ली, तो पेपर ठेवला होता का त्यांनी?

गल्ली_नंबर_सात
कापून ठेवला होता. पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये. चाळ रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सामान उतरवायला मी होतो, तेव्हा दिसला. उर्फच्या पुढचा शब्द ब्लेडने कापून काढलेला होता, बारीक खिडकीसारखं भोक. त्यांना तर वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घेतलं असणार नंतर.

आता सव्वीसाव्या मजल्यावर राहतात मोठ्याकडे. परवा लिफ्टमध्ये भेटल्या, म्हणाल्या कॅरम खेळतोस का रे अजून.